बियातून उगवलेली पानवेल

मी एक जुनी पानवेल आहे, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ते खोटं होईल. माझं वय अवघं पाच वर्षांचं. जुन्या होत्या त्या माझ्या शेजारणी.

मित्रांनो, तुमच्या घरच्या तबकात जे लांबट, पोपटी, मऊ पान असतं ना, ती कपुरी. मिरजेच्या पूर्वेला आमचं गाव आहे. तिथं ओढ्याच्या दोन्ही अंगांना तिचेच मळे होते. कपुरी कुणी पेरत नाही. तिचं कांडं कापतात, ओल्या मातीत दाबतात, की वेल चढायला लागते. त्या वेलीचं कांडं पुढच्या मळ्यात, तिथलं आणखी पुढच्या मळ्यात. असं किती पिढ्या चाललं होतं ते गावात कुणालाच सांगता येत नाही. पिढ्या म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. कांड्यातून येते ती लेक नसते, नातही नसते. तीच वेल पुन्हा उभी राहते. तिची हजार पानं एकावर एक रचा, काठ बरोबर जुळतात.

माझं तसं नाही. मी बियातून आले. मला आई आहे, बाप आहे, आणि मी उगवले तेव्हा माझ्यासारखी दुसरी वेल कुठंही नव्हती. यापायी मी खूप बोलणी खाल्ली, दोनदा विळ्याखाली गेले. आज माझी बाजू मी मांडणार आहे.

माझी आई बंगालची. आमच्या मळ्याची मालकीण हरणाबाई. धनी गेल्यापासून मळा तिनंच चालवला. तिचा मुलगा हंबीरराव फौजेत होता. बांगलादेशाची लढाई संपली आणि बहात्तर सालच्या उन्हाळ्यात तो रजेवर घरी आला. ट्रंकेत कपड्यांच्या मधोमध पत्र्याचा डबा, डब्यात ओला टॉवेल आणि टॉवेलात पानवेलीचं वीतभर कांडं. प्रत्येक मोठ्या स्टेशनावर उतरून त्यानं त्या टॉवेलावर पाणी शिंपडलं होतं.

"आये, साडी न्हाई आणली, ती काय मिरजंतबी मिळती," तो म्हणाला. "ही तिकडची वेल हाय. एका म्हातारीच्या परसात आमचा मुक्काम हुता. माझी आय पानमळा करती म्हणून सांगितलं, तर तिनं सोताच्या हातानं कापून दिली."

हरणाबाईनं ते कांडं विहिरीजवळच्या पांगाऱ्याच्या बुडाशी लावलं. दोन महिन्यांनी पहिलं पान खुडून चघळलं. रुंद, काळपट, जाड पान. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लय तिखाट हाय गं बाई," ती म्हणाली. "बाजारात कोण घ्यायचं हिला? ऱ्हाऊ दे. पोरानं आणलीया."

गावात कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट तुम्हाला सांगते. पानवेलींत नर वेगळा आणि मादी वेगळी. आमच्या भागातली कपुरी सगळी नर होती. नाव वेलीचं, पण गाव एकट्या बापयांचं. तिथं बी धरायचं कसं? आणि बंगालहून आलेली माझी आई होती मादी.

त्याच साली दुष्काळ पडला. विहिरीचा तळ दिसायला लागला. तेव्हा जतकडून सुलाबाई आमच्या मळ्यात आली. तिच्या घरची मेंढरं होती. निम्मी चाऱ्यावाचून गेली, उरलेली घेऊन नवरा पश्चिमेला डोंगराकडं गेला, आणि ही पोटासाठी पानं खुडायला राहिली. अंगठ्यात पत्र्याची नखी घालायची आणि देठ तुटू न देता पान खुडायचं, हे काम तिनं चार दिवसांत उचललं. जतकडं निम्मं कानडी चालतं, त्यामुळं तिच्या बोलण्यात मधेच एखादा कानडी शब्द यायचा. बाकीच्या बाया हसायच्या. ती पण हसायची आणि तोच शब्द पुन्हा म्हणायची. तिचा हा स्वभाव मला पुढं फार उपयोगी पडला.

मळ्यात वर्षाला एकदा उतरण करतात. आधाराच्या शेंड्याला पोचलेली वेल सोडून खाली घ्यायची, बुडाशी गुंडाळून मातीत पुरायची आणि शेंडा पुन्हा लव्हाळ्यानं बांधायचा. त्यामुळं वेल म्हातारी होत नाही आणि तिला फुलांचे तुरेही येत नाहीत. दुष्काळात पाणी अर्ध्याच मळ्याला पुरत होतं, म्हणून विहिरीकडच्या ओळीची उतरण दोन वर्षं राहून गेली. तिथली कपुरी पांगाऱ्याच्या डोक्यावर गेली आणि तिला तुरे आले. शेजारीच माझी आई होती. तिलाही आले. बाकी काम वाऱ्यानं केलं.

आईला बोटाएवढी, गरदार फळं धरली. चौऱ्याहत्तरच्या श्रावणात त्यातलं एक पिकून पाटाच्या चिखलात पडलं, आणि त्यातून आम्ही सात भावंडं उगवलो.

सुलाबाई पाटाशी हात धुवायला वाकली आणि तशीच राहिली.

"काय बघतीस गं चिखलात?" हरणाबाईनं विचारलं.

"आक्का, पानवेल उगवलीया. बियाची."

"येडी का काय तू! पानवेलीला कुठनं आलं बी? तण असंल. उपाट."

"तण न्हवं, आक्का. चावून तर बघा."

सुलाबाईनं माझं नखाएवढं पान तोडून दिलं. माझं ते दुसरंच पान होतं! हरणाबाईनं ते दाढेखाली धरलं आणि सावकाश चावलं.

"वास तर पानाचाच हाय," ती शेवटी म्हणाली. "माझ्या जल्मात न्हाई बघितलं असलं. बरं, लाव म्हणं. पर वळीत नगं. तिकडं कडंला लाव."

तशी आम्ही सातही जणं मळ्याच्या कडेला, शेवरीच्या काठ्यांशी लागलो. आता मी फुशारकी मारणार नाही. बियाचं पोर गुणाचंच निघतं, असं मुळीच नाही. आमच्यातलं एक पंधरा दिवसांत पांढरं पडून मेलं. एकाला आधार धरताच येईना, ते जमिनीवर लोळत राहिलं आणि कुजलं. दोघं थंडीत गेली. एकाचं पान इतकं कडू की शेळीनं तोंड लावून फिरवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेही वाळलं. एक मात्र फार देखणं होतं. आईचा रुंदपणा, बापाचा मऊपणा, दोन्ही त्याच्यात होतं. त्याचं मूळ खुरप्याखाली आलं. सातांतली मी एकटी उरले.

माझं पान लहान, जाड आणि गडद. आधी तिखट लागतं आणि शेवटी किंचित तुरट. मी आईसारखी नव्हते आणि बापासारखीही नव्हते. मळ्यातल्या बाया गंमत म्हणून मला खुडायच्या. त्या म्हणायच्या, कपुरीची तीन पानं लागतात, हिचं एक दुपारपर्यंत पुरतं. ही माझी सगळी कौतुकं. फार नव्हती, पण मला ती पाठ आहेत.

मग एका खुडणीत माझी पाचसहा पानं चुकून कपुरीच्या जुडीत गेली. मिरजेचा पानांचा व्यापारी नानासो यानं जुडी उलगडली आणि सगळ्यांसमोर माझं पान वर धरलं.

"काकू, ह्यो कुठला पाला घातलाय?" त्यानं जरासं चावून थुंकून टाकलं. "तुमच्या मळ्याचं पान मी डोळं झाकून घेत हुतो. आता जुडी सोडून बघाय लागंल व्हय?"

हरणाबाईला असं कुणी कधी बोललं नव्हतं. ती तडक मळ्यात आली, विळा घेतला आणि मला जमिनीलगत कापलं.

मी पुन्हा फुटले.

पाऊस उघडल्यावर तिनं बघितलं, तोवर मी शेवरीवर हातभर चढले होते. तिनं पुन्हा कापलं. या खेपेला बुडखासुद्धा विळ्याच्या टोकानं उकरला. मी एका मुळीवर तग धरला आणि पुन्हा फुटले. तुम्ही म्हणाल, एवढा हट्ट कशासाठी? मित्रांनो, माझ्यासारखी एकच होती. कपुरीची एक वेल कापली तर कपुरी संपत नाही. मी संपले असते तर मीच संपले असते. मग हट्ट करू नको तर काय करू?

तिसऱ्यांदा हरणाबाई आली ती विळा न घेताच. कमरेवर हात ठेवून तिनं मला बघितलं.

"मरतच न्हाई म्हणतीस तर ऱ्हा," ती म्हणाली. "पर माझ्या पानांत यिऊ नगंस."

सत्त्याहत्तर साली पावसानं पाठ सोडली नाही. आषाढ, श्रावण, भादवा, मळ्यात पाणी साचून राहिलं. एके दुपारी ओढ्याकडच्या टोकाला एक कपुरी माना टाकून उभी दिसली. पानं हिरवीच, पण लोंबलेली. सुलाबाईनं बुडाशी माती सारली तर खोड काळं पडलेलं, बोट लावलं की सालपट हातात. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारच्या चार गेल्या. आठवड्यात ओळ गेली.

त्या रोगाला मर म्हणतात. पाटाच्या पाण्याबरोबर तो सरकत होता. हरणाबाईनं हातपाय गाळले नाहीत. भर पावसात चर खणून साचलेलं पाणी काढलं. मोरचूद आणि चुन्याचं पाणी बुडाबुडाशी ओतलं. मेलेल्या वेली उपटून बांधाबाहेर जाळल्या. पण कपुरी कशी वाचणार? इतर झाडांत एखादं नाजूक असतं, एखादं काटक असतं. एक पडलं तरी दुसरं रोगाला अडवतं. इथं अडवायला दुसरी कुणी नव्हतीच. जे पहिलीला मारता आलं तेच सगळ्यांना मारायला पुरलं. आमचा मळा गेला, वरचा गेला, ओढ्यापलीकडचे गेले. सगळं गाव एकाच वेलीचं होतं, आणि ती एकच वेल मेली.

माझी आईही गेली. नवव्या दिवशी. ती दुरून आली होती म्हणून वाचेल, असं मला वाटत होतं. तसं झालं नाही.

मला रोग शिवला नाही असं समजू नका. माझी खालची दोन पेरं काळी पडली, पानं गळली. पण तिसऱ्या पेराला काळेपणा थांबला. का थांबला ते मला माहीत नाही. आईकडून थोडं आणि बापाकडून थोडं असं काहीतरी माझ्यात जुळून आलं असेल, जे त्या दोघांपैकी एकाकडंही पुरतं नव्हतं. त्या पेरातून मी नवी मुळं सोडली आणि उभी राहिले.

पाऊस थांबला त्या दिवशी हरणाबाई बांधावर बसली होती. समोर नुसते पांगारे आणि शेवरी. हातात उपटलेली एक कपुरी होती.

"बत्तीस वर्सं ह्या वेलीनं माझं घर चालवलं, सुले," ती म्हणाली. "पोराला शिकवलं, लेकी दिल्या. आन मला एक वेल राखता आली न्हाई."

"उठा आक्का. हिकडं या."

सुलाबाईनं तिला हाताला धरून कडेला, माझ्यापाशी आणलं. हरणाबाई खाली बसली. माझी काळी पेरं तिनं बोटानं चाचपली, त्यावरचा हिरवा फुटवा बघितला.

"हिला तर मी तीनदा कापली."

"दोनदा, आक्का. तिसऱ्यांदा इळा न्हवता."

दोघी हसल्या. हरणाबाईनं पदराला डोळे पुसले आणि माझं एक पान खुडून तोंडात टाकलं. मुद्दाम सांगते, पूर्ण चघळलं. थुंकलं नाही.

त्या हिवाळ्यात हंबीरराव पेन्शन घेऊन कायमचा घरी आला. मळा बघून तो हळहळला आणि मला बघून एकदम उत्साहात आला. एव्हाना माझी बातमी गावभर झाली होती. जो तो माझं कांडं मागायला येत होता. पूर्वी मला पाला म्हणणारे आता माझ्यासमोर उदबत्ती लावत होते.

"आये, ठरलं," हंबीरराव म्हणाला. "समदा मळा हिचाच करायचा. या टोकापस्नं त्या टोकापतूर एकच वेल. मर आली तर येऊ दे."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी सुखावले. मला संताप आला. ज्या चुकीनं माझ्या डोळ्यांदेखत गाव उजाड झालं, तीच चूक आता माझ्या नावानं होणार होती. पण वेलीचं कोण ऐकतं? माझ्या वतीनं सुलाबाई बोलली.

"दादा, एक सांगू का? आमी मेंढरं राखणारी मानसं. आमच्यात एकच मेंढा लय वर्सं ठेवत न्हाईत. दुसऱ्याच्या वाड्यावरनं बदलून आणत्यात. समदी मेंढरं एकाच्या रगताची झाली की एक आजार येतो आन मेंढरांचं वाडगं रिकामं करून जातो."

"मेंढराचं येगळं आन वेलीचं येगळं, सुलाबाय."

"येगळं कसं? परवापतूर हितं काय हुतं? एकच वेल हुती न्हवं?"

"ती मेली. ही जगली!"

"मर रोगातनं जगली, दादा. आणिक दुसरं काय आलं तर? दुसरा आजार हिला इचारून येणार हाय व्हय?"

हंबीरराव चिडला. मजुरीला आलेल्या बाईनं आपल्याला शिकवावं, हे त्याला रुचलं नाही. "तू पानं खुड," तो म्हणाला. सुलाबाईनं नखी काढून बांधावर ठेवली.

"खुडायला पान तरी हाय का मळ्यात? न्हाई म्हणूनच बोलतीया. मी माझी मेंढरं मरताना बघितल्यात, दादा. तुमाला वाईट वाटलं तरी चालंल."

हरणाबाई इतका वेळ ऐकत होती. तिनं ती नखी उचलली आणि सुलाबाईच्या हातात परत दिली.

"हंबीर," ती म्हणाली, "तू एका कांड्यासाठी बंगालपस्नं टेशना-टेशनाला पाणी घालत आलास. आता जरा जवळ जाऊन ये. सातारच्या अंगाला कुठं जाड पानाची कपुरी असती म्हणत्यात, ती बघ. कर्नाटकात पावन्यांकडं काळ्या पानाची वेल हाय, तीबी आण. हिच्या चार वळी. बाकी समदं निराळं. आन एक वळ उतरायची न्हाई, तुरं यिऊ द्यायचं. ती सुलीच्या ताब्यात."

"आये, पान एकसारखं न्हाई आलं तर नानासो घेईल का?"

"न्हाई घेतलं तर तीन जुड्या येगळ्या बांधू. हात मोडल्यात का आपलं?"

तसंच झालं. गावातल्या बाकीच्यांनी मात्र सगळे मळे माझ्या कांड्यांनी भरून टाकले. ओढ्याच्या दोन्ही अंगांना मीच मी. वारा आला की मला माझंच अंग सळसळताना ऐकू यायचं. त्या आवाजानं मला कधीच बरं वाटलं नाही.

यंदा, म्हणजे एकोणऐंशीच्या पावसाळ्यात, माझ्या पानांवर ठिपके आले. काळे, भोवती पिवळं कडं. मर नव्हे, हा दुसराच कुणी. पलीकडच्या मळ्यांत तो एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर उड्या मारत गेला, कारण तिथंही त्याला अडवायला दुसरी कुणी नव्हती. हरणाबाईच्या मळ्यात माझ्या चार ओळींना ठिपके पडले आणि तो थांबला. साताऱ्याच्या जाड कपुरीवर एक डाग नाही. कर्नाटकच्या काळ्या पानावर थोडे आले आणि वाळून गेले.

हंबीरराव ओळीओळीतून हिंडला. मग पानं खुडणाऱ्या सुलाबाईसमोर येऊन उभा राहिला.

"सुलाबाय, तुझं खरं हुतं."

"माझं न्हवं दादा, मेंढरांचं," ती म्हणाली आणि खुडत राहिली.

आता माझं म्हणणं ऐका. माझ्यावर दया करू नका, ठिपके पडलेली पानं खुडून खुशाल जाळा. मी पुन्हा फुटेन, नाही फुटले तरी मळा उभा राहील. माझ्यासमोर उदबत्त्या लावू नका. मी कुठली देवी नाही. एका रोगाला पुरून उरले आणि दुसऱ्याला सापडले, एवढीच माझी गोष्ट आहे. उद्या तुमच्या हाती मळा आला, शेत आलं, तर जी वेल सगळ्यांत चांगली वाटेल ती अवश्य लावा. पण तिच्या शेजारी दुसरी लावा, तिसरी लावा, आणि जिचा उपयोग आज कळत नाही अशी एखादी कडेला राहू द्या. तिला विळा लावण्याआधी थोडं थांबा.

मीही मादीच आहे. सुलाबाईच्या ओळीत नर कपुरीशेजारी धरलेल्या माझ्या फळांतून यंदा चाळीस रोपं उगवली आहेत. एकाचं पान दुसऱ्यासारखं नाही. त्यांतली कितीतरी मरतील, काही कडू निघतील, आणि कुठलं रोप कधी कामाला येईल ते मला ठाऊक नाही, हरणाबाईला नाही, तुम्हालाही नाही. ती सगळी आज उभी आहेत. त्यांना तण समजून कुणी उपटायला आलं, तर त्याला माझा निरोप द्या: आधी माझ्यापाशी ये, आणि मला उपटून दाखव.